प्रजासत्ताकाचे साम्राज्य : अमेरिकेच्या सागरपार विस्ताराचा एक अभ्यास

इ. स. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनतेला अर्पण केला. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेतून व्यक्त झाला आहे. पुढे १८८९ मध्ये पंडिता रमाबाई यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती मराठी वाचकांसमोर मांडली. राजा नसलेला, परकी सत्ता झुगारून देणारा, गुलामगिरीविरुद्ध स्वतःच्याच घरात युद्ध करणारा देश, अशी अमेरिकेची पहिली ओळख आपल्याकडे झाली. ती ओळख खोटी नव्हती. परंतु फुल्यांच्या अर्पणपत्रिकेला पंचवीस वर्षे पूर्ण होतात न होतात तोच, १८९८ मध्ये, याच देशाने सुमारे सत्तर लाख फिलिपिनो लोकांचे स्वामित्व स्पेनकडून दोन कोटी डॉलर देऊन आपल्याकडे घेतले. त्या लोकांना कोणी काही विचारले नाही.

इंग्लंडने साम्राज्य मिळवले यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. परंतु शासितांच्या संमतीवाचून कोणतेही शासन न्याय्य ठरत नाही, हे तत्त्व १७७६ च्या जाहीरनाम्यात ज्यांनी जगाला सांगितले, त्यांच्याच नातवा-पणतवांनी वसाहती का मिळवल्या आणि मुख्य म्हणजे त्या आपल्या तत्त्वज्ञानात कशा बसवल्या, हा इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढील खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

कारणांची यादी आणि तिची मर्यादा

परीक्षेत हा प्रश्न आला की आपण एक ठरीव यादी लिहितो. १८९० च्या जनगणनेने पश्चिमेकडील वसाहतीची सीमारेषा आता उरली नाही असे जाहीर केले. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने त्यावरून आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. १८९० मध्येच आल्फ्रेड माहानचा सागरी सत्तेवरील ग्रंथ निघाला. १८९३ मध्ये मोठी आर्थिक मंदी आली. कारखान्यांचा माल वाढला आणि बाजारपेठा हव्या झाल्या. ही सर्व विधाने बरोबर आहेत. अमेरिकेची निर्यात १८७० च्या सुमारास चाळीस कोटी डॉलरच्या आसपास होती, ती १९०० पर्यंत सुमारे एकशे चाळीस कोटींवर गेली. विल्यम ॲपलमन विल्यम्स व वॉल्टर लाफेबर या इतिहासकारांनी १९५९ नंतरच्या काळात या बाजारपेठेच्या शोधाला विस्ताराच्या मुळाशी ठेवले आहे.

तरीही ही यादी मला अपुरी वाटते. त्या निर्यातीचा मोठा भाग युरोपात जात होता, मनिलाला नव्हे. शिवाय ही कारणे इच्छा कशी निर्माण झाली एवढेच सांगतात. ती इच्छा कोणत्या मार्गाने पुरी झाली हे सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विस्तार हा अमेरिकेला नवा नव्हता. १८०३ मध्ये लुइझियाना, १८४८ मध्ये मेक्सिकोचा विस्तीर्ण उत्तर भाग, १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरला अलास्का, अशी तिची वाढ एकसारखी चालू होती. या वाढीची किंमत मूळच्या रहिवाशांनी दिली. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे झालेले हत्याकांड ही त्या दीर्घ कहाणीची अखेर होय. मात्र खंडावरील या विस्ताराला १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने घालून दिलेला एक नियम होता : नव्या प्रदेशात पुरेशी वस्ती झाली की तो बरोबरीच्या हक्काने संघराज्यात घटकराज्य म्हणून यायचा. मूळ रहिवासी त्या नियमाबाहेरच राहिले. पण निदान वसाहत ही कायमची वसाहत राहणार नाही, हे वचन त्यात होते. माझ्या मते १८९८ चे खरे महत्त्व त्या वर्षी समुद्र ओलांडला गेला यात नाही. हे वचन त्या वर्षी मोडले गेले, यात ते आहे.

हवाई : साखरेची वाट

युद्धाच्या आधीचे एक उदाहरण प्रथम पाहू. हवाई बेटांवर स्वतंत्र राजघराणे होते. १८७५ च्या करारान्वये तेथील साखर अमेरिकेत जकातीवाचून येऊ लागली, आणि मळेवाल्यांची, विशेषतः तेथे स्थायिक झालेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पुढच्या पिढीची, भरभराट झाली. १८८७ मध्ये पर्ल बंदराचा वापर अमेरिकेच्या आरमाराला मिळाला. मग १८९० मध्ये जकातीचा नवा कायदा झाला. त्याने सर्वच परदेशी कच्च्या साखरेवरील जकात उठवली आणि देशी साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले. म्हणजे हवाईची सवलत एका फटक्यात निरर्थक झाली. अमेरिकेच्या आत असाल तर अनुदान, बाहेर असाल तर स्पर्धा! त्यातच राणी लिलिउओकलानी मळेवाल्यांनी लादलेली राज्यघटना बदलू पाहत होती.

१७ जानेवारी १८९३ रोजी मळेवाले व त्यांचे वकील यांच्या एका लहानशा गटाने राणीला पदच्युत केले. अमेरिकन वकील जॉन स्टीव्हन्स यांनी 'बोस्टन' या युद्धनौकेवरील सैनिक आदल्या दिवशीच किनाऱ्यावर उतरवले होते. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी मात्र विलीनीकरणाचा तह मागे घेऊन चौकशी करवली. हे त्यांना श्रेयस्कर आहे. पण राणीला तिचे राज्य परत मिळाले नाही. १८९७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक हवाईवासीयांनी विलीनीकरणाविरुद्ध सह्यांचे अर्ज वॉशिंग्टनला पाठवले, आणि सिनेटमध्ये तहाला आवश्यक असलेली दोन-तृतीयांश मते मिळेनात. तेव्हा जुलै १८९८ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, तहाचा मार्गच सोडून साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने हवाई बेटे ताब्यात घेण्यात आली. राणीच्या पदच्युतीतील सहभागाबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसने १९९३ मध्ये ठराव करून क्षमा मागितली. तोवर शंभर वर्षे उलटली होती.

क्यूबाचे युद्ध, फिलिपाइन्सची प्राप्ती

क्यूबात स्पेनविरुद्धचा उठाव १८९५ मध्ये पुन्हा पेटला. त्याचा प्राण असलेला कवी होसे मार्ती त्याच वर्षी मे महिन्यात धारातीर्थी पडला. स्पॅनिश सेनापती वेलर याने खेडुतांना तारेच्या कुंपणात आणि ठाण्यांत कोंडले, आणि तेथे भूक व रोगराई यांनी असंख्य माणसे मेली. हर्स्ट व पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांनी ही दुःखे भडक रंगांत रंगवली. दुःखे खरी होती. त्यांचा व्यापारही खरा होता.

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि अडीचशेहून अधिक खलाशी मेले. त्या वेळच्या अमेरिकन चौकशीने बाहेरच्या सुरुंगावर ठपका ठेवला. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या अभ्यासात मात्र स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठारातील आगीमुळे झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. युद्धे पुराव्याच्या निकालासाठी थांबत नाहीत. एप्रिलमध्ये युद्ध जाहीर झाले. त्याच वेळी सिनेटर टेलर यांच्या दुरुस्तीने, क्यूबा ताब्यात ठेवण्याचा आमचा हेतू नाही, असे अमेरिकेने जाहीर केले. फिलिपाइन्सबद्दल असे वचन कोणी दिले नव्हते, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

१ मे रोजी कमोडोर ड्यूई याने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवले. फिलिपिनो क्रांतिकारकांनी एमिलिओ आगिनाल्डो याच्या नेतृत्वाखाली १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. लूझॉन बेटाचा बहुतेक भाग त्यांनी स्पेनकडून जिंकून घेतला होता आणि मनिलाला वेढा दिला होता. १३ ऑगस्टला मनिला पडले, पण कसे? स्पॅनिश व अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवून एक लुटुपुटीची लढाई केली आणि फिलिपिनो सैन्याला शहराबाहेरच ठेवले. १० डिसेंबरच्या पॅरिस तहात पोर्तो रिको, ग्वाम व फिलिपाइन्स अमेरिकेकडे आले. फिलिपिनोंचा प्रतिनिधी फेलिपे आगोन्सिल्यो पॅरिसला गेला होता, पण वाटाघाटींत त्याला प्रवेश मिळाला नाही. क्यूबाच्या प्रतिनिधींनाही तेथे जागा नव्हती.

अध्यक्ष मॅकिन्ली यांनी रात्री गुडघे टेकून देवाची प्रार्थना केली आणि फिलिपिनोंना सुधारून ख्रिस्ती करण्याचा कौल त्यांना मिळाला, अशी कथा बहुतेक पुस्तकांत असते. विद्यार्थ्यांनी ती जपून वापरावी. ती मुलाखत १८९९ मधील म्हणून सांगितली जाते. परंतु ऐकणाऱ्यांपैकी एकाने ती छापली १९०३ मध्ये, म्हणजे मॅकिन्लींच्या हत्येनंतर. शिवाय बहुसंख्य फिलिपिनो तीन शतकांपासून कॅथॉलिक ख्रिस्ती होतेच!

एक विसरलेले युद्ध

जानेवारी १८९९ मध्ये मालोलोस येथे फिलिपाइन्सच्या प्रजासत्ताकाची घटना अमलात आली. ४ फेब्रुवारीच्या रात्री मनिलाच्या वेशीवर अमेरिकन पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि युद्ध सुरू झाले. दोनच दिवसांनी सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी, म्हणजे आवश्यक संख्येपेक्षा केवळ एक मत अधिक मिळून, मंजूर केला. जे युद्ध झाले त्याला अमेरिकन सरकार 'बंड' म्हणत राहिले. १८५७ ला कोणी काय म्हणावे यावरचा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याची सत्ता कायदेशीर मानली, त्याच्याविरुद्धचे ते बंड. आणि सत्ता कायदेशीर कोणी ठरवली, तर तह लिहिणाऱ्यांनीच.

या युद्धात सुमारे सव्वा लाख अमेरिकन सैनिकांनी भाग घेतला आणि त्यांपैकी चार हजारांहून अधिक मेले. फिलिपिनो लढवय्ये सुमारे वीस हजार मारले गेले. हिंसा, दुष्काळ आणि पटकी यांनी मेलेल्या सामान्य लोकांची संख्या निदान दोन लाख धरली जाते. कैद्यांच्या घशात पाणी ओतून माहिती काढण्याची क्रूर रीत या युद्धात कुप्रसिद्ध झाली. सप्टेंबर १९०१ मध्ये सामार बेटावरील बालांगिगा गावच्या लोकांनी अमेरिकन तुकडीवर अचानक हल्ला करून अठ्ठेचाळीस सैनिक मारले. तेव्हा जनरल जेकब स्मिथ याने शस्त्र धरू शकेल अशा दहा वर्षांवरील प्रत्येकाला ठार करण्याचा तोंडी हुकूम दिला. लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. शिक्षा झाली ती समज देऊन निवृत्त करण्याची. बातांगास प्रांतात तर खेडुतांना ठरावीक हद्दींत कोंडण्यात आले. ज्या उपायासाठी वेलरला राक्षस ठरवून युद्ध पुकारले होते, तोच उपाय तीन-चार वर्षांत अमेरिकन सेनापतींनी वापरला. साम्राज्याचे काम अंगावर घेतले की हत्यारेही तीच हाती येतात, याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा आढळला नाही.

आगिनाल्डो मार्च १९०१ मध्ये पकडला गेला. ४ जुलै १९०२ रोजी, स्वतःच्याच स्वातंत्र्यदिनी, अमेरिकेने हे युद्ध संपल्याचे जाहीर केले.

राज्यघटना कोठवर पोहोचते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सर्व तत्त्वात कसे बसवले? याचे उत्तर रणांगणावर सापडत नाही, ते न्यायालयात सापडते. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घेता येईल का, असा एक किरकोळ वाटणारा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पोर्तो रिको अमेरिकेचा भाग असेल, तर देशांतर्गत मालावर जकात कशी? १९०१ च्या डाउन्स विरुद्ध बिडवेल या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण राज्यघटनेच्या सर्व अर्थांनी अमेरिकेचा भाग नाही. जगाच्या दृष्टीने ते अमेरिकेचे. अमेरिकेच्या दृष्टीने मात्र परके! घटकराज्य होण्याचे १७८७ चे वचन येथे मोडले. काही प्रदेश संघराज्यात 'समाविष्ट' आणि काही 'असमाविष्ट', असा भेद निर्माण झाला.

या निकालातील प्रमुख मत न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांचे होते. याच ब्राउन यांनी १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात काळ्या-गोऱ्यांसाठी वेगवेगळे डबे घटनेत बसतात, असा निर्णय लिहिला होता. दोन्ही खटल्यांत न्यायमूर्ती हार्लन यांनी विरुद्ध मत नोंदवले. हा योगायोग मला केवळ चमत्कारिक वाटत नाही. घरातील काही माणसे नागरिक असूनही खालच्या पायरीवर ठेवता येतात, हे एकदा कायद्याने मानले, की समुद्रापलीकडच्या माणसांना त्या पायरीवर बसवायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, ती अर्ध्यावर सोडली गेली होती. आणि त्या अर्धवटपणातूनच साम्राज्याला वाट मिळाली.

न घेता राखण्याची तऱ्हा

क्यूबाला दिलेले वचन अक्षरशः पाळले गेले, आणि तरीही ते मोडले. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने क्यूबाच्या परराष्ट्र करारांवर व कर्जावर बंधने आली, हस्तक्षेपाचा अधिकार अमेरिकेला मिळाला आणि आरमारी तळांसाठी जमीन देणे भाग पडले. ही कलमे राज्यघटनेत घातल्यावाचून सैन्य हलणार नव्हते. म्हणून क्यूबाच्या घटनासमितीने ती घातली. प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली, पण १९०३ मध्ये भाड्याने घेतलेले ग्वान्तानामो अमेरिकेने सोडलेले नाही.

पनामाची कथा हीच रीत पुढे नेते. ऑगस्ट १९०३ मध्ये कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा करार फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामात उठाव झाला, अमेरिकन युद्धनौकांनी कोलंबियाच्या सैन्याची वाट रोखली, आणि पंधरा दिवसांच्या आत नव्या राष्ट्राच्या वतीने एका फ्रेंच गृहस्थाने, फिलिप ब्युनो-व्हारिला याने, दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला देणाऱ्या करारावर सही केली. कालवा १९१४ मध्ये खुला झाला. पनामाच्या हाती तो पूर्णपणे आला १९९९ च्या अखेरीस. १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी मन्रो सिद्धांताला नवे शेपूट जोडले, की या गोलार्धात पोलिसाचे काम अमेरिका करील. निकाराग्वा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक येथे पुढे उतरलेल्या फौजा याच वाक्याच्या मागून गेल्या.

तेव्हा विस्ताराच्या तीन तऱ्हा दिसतात. हवाईप्रमाणे गिळून शेवटी (१९५९ मध्ये) घटकराज्य करणे. पोर्तो रिको व फिलिपाइन्सप्रमाणे ताब्यात ठेवून बरोबरी नाकारणे. आणि क्यूबा-पनामाप्रमाणे ध्वज त्यांचा, चावी आपली. विसाव्या शतकाने यांतील तिसरी तऱ्हा सर्वांत अधिक वापरली, कारण ती सर्वांत स्वस्त होती आणि तिला साम्राज्य म्हणावे लागत नव्हते.

विरोधाचे आवाज

सारी अमेरिका एका सुरात बोलत होती, असे समजणे अन्यायाचे होईल. जून १८९८ मध्ये बॉस्टनला साम्राज्यविरोधी चळवळ उभी राहिली आणि तिच्या संघात तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी, लेखक मार्क ट्वेन अशी परस्परांशी एरवी न जुळणारी माणसे एकत्र आली. येथे एक विलक्षण तुलना सुचते. फिलिपाइन्स घेण्याचे आवाहन अमेरिकेला करणारी 'गोऱ्या माणसाचे ओझे' ही कविता फेब्रुवारी १८९९ मध्ये छापून आली. तिचा कर्ता रड्यर्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेला, जे. जे. कलाशाळेतील अध्यापकाचा मुलगा. उलट मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईस येऊन गेलेला पाहुणा. साम्राज्य दोघांनीही आपल्याच देशात डोळ्यांनी पाहिले. एकाने त्याचे स्तोत्र गायिले, दुसऱ्याने १९०१ पासून त्यावर कोरडे ओढले. केवळ पाहण्याने शहाणपण येत नाही. माणूस कोणाच्या बाजूला उभा राहून पाहतो यावर ते अवलंबून असते.

पण विरोधकांचीही भाबडी पूजा नको. दक्षिणेतील कित्येक सिनेटरांचा विरोध, काळसर वर्णाचे लोक आपल्या संघराज्यात नकोत, या भावनेतून आला होता. विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी तर आधी आपल्या पक्षाला तह मंजूर करण्यास सांगितले आणि मग १९०० ची निवडणूक साम्राज्यविरोधावर लढवली. ती ते हरले.

समारोप

अमेरिकन राजवटीने फिलिपाइन्समध्ये शाळा काढल्या, १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजातून शेकडो शिक्षक नेले, साथीच्या रोगांवर उपाय केले, निवडणुका घेतल्या. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जमीनदारांचा वर्ग तसाच राहिला आणि शेती अमेरिकेच्या साखरबाजाराला बांधली गेली. १९३४ मध्ये स्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यातही फिलिपाइन्सची साखर व मजूर यांची स्पर्धा टाळू पाहणाऱ्या अमेरिकन हितसंबंधांचा मोठा वाटा होता. हवाई ज्या साखरेमुळे आत ओढली गेली, तिच्यामुळेच फिलिपाइन्सला बाहेरची वाट मोकळी झाली! प्रत्यक्ष स्वातंत्र्य ४ जुलै १९४६ रोजी आले. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, पण त्या बेटावर राहून त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत अजूनही मत नाही.

माझा निष्कर्ष एवढाच. प्रजासत्ताक असणे ही साम्राज्यवादापासून संरक्षण देणारी लस नव्हे. अमेरिकेने स्वातंत्र्याचे तत्त्व कधी उघडपणे टाकून दिले नाही. ते कोणाला लागू होते, याची यादी तिने लहान केली. ही यादी तहाच्या कलमात, जकातीच्या कायद्यात आणि न्यायालयाच्या निकालात लिहिली गेली. म्हणून साम्राज्याचा अभ्यास करताना लढायांच्या तारखांइतकेच हे कागदही वाचले पाहिजेत. बालांगिगा येथून लूट म्हणून नेलेल्या चर्चच्या तीन घंटा अमेरिकेने डिसेंबर २०१८ मध्ये परत केल्या. घंटा परत करता आल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. सामारच्या मृतांची मोजदाद मात्र आजही इतिहासकारांत वादाचा विषय आहे, आणि माझ्या अभ्यासू मित्रांपैकी कोणी या विषयाकडे वळणार असेल, तर त्याने तेथूनच सुरुवात करावी, असे मी सुचवीन.